हुतुतूचा हललेला फोटो

आमच्या भागातल्या हायस्कुलांच्या सामन्यांचे फोटो मी कितीतरी वर्षं काढले, असं सांगितलं की लोकांना वाटतं, माझ्या घरात भिंतभर उड्या मारणारी पोरं टांगलेली असतील. तसं काही नाही. माझ्याकडे आहेत ते हारांचे फोटो. प्रमुख पाहुण्यांना हार घालताना, प्रमुख पाहुणे ढाल देताना, आणि हेडमास्तर प्रमुख पाहुण्यांकडे बघून हसताना. खेळाचा फोटो म्हणजे खेळ संपल्यावर काढायचा फोटो, अशी त्या काळी सगळ्यांची समजूत होती, आणि माझ्या कॅमेऱ्याची तर पक्कीच होती.

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझा लहानसा स्टुडिओ होता. पुढे एक पडदा, त्यावर रंगवलेला जिना आणि फुलांची कुंडी. मागे काळोखाची खोली. धंदा चालायचा लग्नांवर आणि मरणांवर. जिवंत, धडधाकट, बिनलग्नाच्या माणसानं फोटो कशाला काढून घ्यायचा, हे तेव्हा कोणाला कळत नसे, आणि मासेमारीवर जगणाऱ्या घरांत तर फोटो ही वस्तूच नसे. तेव्हा थंडीत शाळांचे सामने सुरू झाले आणि हायस्कुलाचा शिपाई निरोप घेऊन आला की मला बरं वाटायचं. जिवंत माणसं बघायला मिळायची, दुसरं काय.

कॅमेरे दोन होते. एक मोठा लाकडी, तीन पायांच्या स्टॅण्डवर ठेवून, डोक्यावर काळं कापड घेऊन चालवायचा. तो ग्रुप फोटोसाठी. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात एक-दोन म्हणायचं, झाकण लावायचं. तेवढा वेळ समोरच्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. दुसरा घडीचा, रोल घालायचा, गळ्यात अडकवून मैदानावर फिरता यायचं. पण त्या वेळी आमच्यापर्यंत येणारा रोल मंद होता आणि माझ्या त्या कॅमेऱ्याच्या शटरची उघडझापही मंद होती. उभं राहिलेलं माणूस त्यात छान यायचं. चालणारं माणूस जेमतेम यायचं. धावणारं माणूस आलं तर आलं, नाहीतर त्याच्या जागी पांढुरका पट्टा.

आणि मला बोलावलेलं असायचं हुतुतूचे फोटो काढायला.

शिरोड्याच्या बाजूला समुद्राजवळ एक हायस्कूल होतं. मैदान म्हणजे वाळूच. माडांच्या रांगेपलीकडे किनारा. त्या हायस्कुलाच्या संघात रापणकर मच्छीमारांच्या घरातला एक मुलगा होता. तो चढाईला निघाला की बाकीचा खेळ थांबल्यासारखा वाटायचा. मान खाली, एक हात वाळूला लागेल न लागेल असा, आणि सरळ पुढे न जाता कुर्लीसारखा आडवा पळायचा. समोरची पोरं त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायची आणि तो पायानं शिवून परत आलेला असायचा. बायकासुद्धा माशांच्या पाट्या खाली ठेवून त्याचा खेळ बघायला थांबत.

त्या शाळेचे ड्रिलमास्तर घाटावरचे होते. सात्त्विक माणूस, पण हुतुतू म्हटलं की अंगात यायचं. त्यांना एकच ध्यास होता. ते माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "त्याचा एक घ्या हो. चढाईचा. नुसता एक."

मी घ्यायचो. दर वर्षी घ्यायचो. तो मध्यरेषा ओलांडायच्या आत दाबून बघितलं, परत येताना दाबून बघितलं, पकडीत सापडला तेव्हा दाबून बघितलं, पण पकडीत तो खाली आणि वर अर्धा संघ. काळोखाच्या खोलीत फोटो उमटायला लागला की मी वाकून बघायचो. मध्यरेषा स्पष्ट. कडेला बसलेली पोरं स्पष्ट. रेफरीची शिट्टी स्पष्ट. आणि मधोमध तो, कमरेपासून वर नुसता पुसलेला. त्यातल्या त्यात बरा आला तो एक फोटो. त्यात टेकलेला पाय अगदी नखांसकट आला होता, आणि वर तोंडाच्या जागी दुधाचा ओघळ. मास्तरांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "असू द्या. पाय तरी त्याचाच आहे."

मला फार राग यायचा. कॅमेऱ्याचा, त्या मंद रोलचा, आणि खरं सांगायचं तर त्या पोराचाही. जरा हळू पळायला काय जात होतं त्याचं?

त्याच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या संघाला ढाल मिळाली. ग्रुप फोटो ठरला दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या पायऱ्यांवर, म्हणजे प्रमुख पाहुण्यांनाही थांबवून घेता आलं. मला आनंद झाला, कारण ग्रुप हे माझं काम. इथे पोरगा पळणार कुठे? मी त्याला मुद्दाम मधे, ढालीमागे उभा केला. पोरांचे भांग पाडून झाले, टोप्या सरळ करून झाल्या, ड्रिलमास्तरांनी दम दिला की जो हलेल त्याला मैदानाला फेऱ्या. मी काळ्या कापडात शिरलो. भिंगातून सगळे उलटे दिसतात. उलट्यातसुद्धा तो शांत, सरळ बघत होता. मी बाहेर आलो, म्हटलं "हलू नका", आणि झाकण काढलं.

त्याच क्षणी किनाऱ्यावरून हाक आली.

ज्यांना आमचा किनारा माहीत नाही त्यांना सांगायला हवं. रापण म्हणजे गावाची मिळून एक लांबलचक जाळी. होडीनं ती समुद्रात गोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. मासळीचा थवा आत आला की नजर ठेवून बसलेला माणूस कापड फिरवतो आणि हाक देतो. मग हातात काहीही असो, सोडून धावायचं. जो दोराला हात लावेल त्याचा वाटा. पोराचाही. लग्नात जेवायला बसलेली माणसं पानावरून उठलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा ते झाकण उघडं होतं आणि त्यानं मान फिरवली. पाय हलवले नाहीत, खांदे हलवले नाहीत, मास्तरांचा मान राखून जेवढं करता आलं तेवढं केलं. फक्त मान फिरवली. मी झाकण लावलं आणि संघातली अर्धी पोरं पायऱ्यांवरून उड्या टाकून माडांतून पार झाली. तो सगळ्यांत पुढे.

ड्रिलमास्तर ओरडत राहिले. मागे राहिलेला त्याच्याच वाडीतला एक लंगडणारा खेळाडू म्हणाला, "हलतलो नाय तर काय करतलो, सर? रापणीक हाक इली."

दुसरा फोटो काढायचा तर समोर ग्रुपच उरला नव्हता. पाहुण्यांची गाडी तयार होती. नंतर प्रत बघून हेडमास्तर म्हणाले, पाहुण्यांचा चेहरा स्वच्छ आलाय ना, मग झालं. ती मोठी प्रत त्यांच्या खोलीत लागली. ढालीमागे एक मुलगा, शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतील असा, आणि कॉलरच्या वर धुकं.

त्यानंतर पावसाळा गेला आणि तो मुलगा नाहीसा झाला.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि नाकाबंदी होती. तेरेखोलची खाडी ओलांडली की दुसरं राज्य. तरी होड्या जायच्या, माल जायचा, यायचा. कोण नेतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. तो एका होडीबरोबर गेला. होडी परत आली, तो आला नाही. होडीवाले म्हणाले, पलीकडे उतरला, येतो म्हणाला, आम्ही भरती उलटेपर्यंत थांबलो. यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. कोणी म्हणे पोर्तुगिजांच्या पोलिसांनी धरला, कोणी म्हणे मुरगावला बोटीवर चढला, कोणी म्हणे खाणीवर लागला.

त्याची आई माझ्या स्टुडिओत आली ती सकाळची मासळी विकून. पाटी बाहेर ठेवली, पण आत यायला तयार होईना. पायाला माती आहे म्हणाली. मी आग्रहानं आत घेतली, तेव्हा रंगवलेल्या जिन्यासमोर जमिनीवर बसली. ती कोण हे तिनं सांगितलं, आणि मग म्हणाली, "नाक्यावरचो पोलीस म्हणता, फोटो आसलो तर इचारूक बरा पडात. माझ्या झिलाचो फोटो तुमच्याकडे आसतलो. तुमी तेचे लय काढलास, तो सांगी."

मी कपाट उघडलं. इतकं मला कधी कपाट उघडायला जड गेलं नव्हतं. सगळे काढून तिच्यासमोर मांडले. तिनं एकेक उचलला. उजेडाकडे धरला. उलटा करून मागेही बघितलं. मागच्या बाजूला तोंड असेल असं तिला वाटलं की काय, कोण जाणे.

"तोंड खंय आसा ह्येचा?"

मी समजावायला लागलो. उघडझाप, रोल, वेग. माझं मलाच ते ऐकवेना. ती ऐकत होती, पण बोट त्या एका फोटोवर होतं, पाय टेकलेल्या. "पाय तेचोच," ती म्हणाली. "हेका कालव लागला होता, ह्या बोटाक." आणि खरंच, अंगठ्याशेजारच्या बोटावर कालवाच्या शिंपेनं कापल्याची खूण होती. मी तो फोटो शंभरदा बघितला असेल, मला कधी दिसली नव्हती.

मग ती म्हणाली, "तुमी लोकांचे मिटलेले डोळे उघडतास मा? मग माझ्या झिलाक तोंड काढून द्या."

आता हे खोटं नव्हतं. आम्ही फोटोवाले तेव्हा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचो. नवरीचे देवीचे व्रण घालवायचो, मेलेल्या म्हाताऱ्याचे डोळे उघडून द्यायचो. हात माझा चांगला होता. मी तिला आठ दिवसांनी ये म्हटलं आणि त्याच पायाच्या फोटोची एक प्रत घेऊन बसलो. पेन्सिल टोकदार केली, भिंग लावलं, आणि हात जागच्या जागी राहिला. मला त्याचं तोंडच आठवेना. त्याचे गुडघे आठवत होते. आडवं पळताना खांदा कसा पडायचा ते आठवत होतं. काळ्या कापडातून तो उलटा दिसला होता, तेही आठवत होतं, पण सरळ काही होईना. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो ते दाबायचं कधी, एवढ्यासाठीच.

शेवटी काहीतरी काढलं. नाक, डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी. चांगला दिसत होता मुलगा. ती आली, तिनं बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"हो कोण?" ती म्हणाली. "हो माझो न्हय."

मी ती प्रत तिच्यादेखत फाडली. तिनं जुनाच मागितला, पाय टेकलेला. मी दिला. म्हटलं, बाये, यावरून कोण ओळखणार? ती म्हणाली, "जो वळाखतो तो वळाखतलो."

पुढे गोवा मोकळा झाला. खाडी ओलांडायला कोणाची भीती उरली नाही, आणि ती जायला लागली. आधी पेडणे, मग म्हापसा, मग डिचोलीच्या खाणी, मग मुरगावची गोदी. मासळीच्या हंगामात चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी चोळीत. परत येताना वेंगुर्ल्यात उतरली की माझ्याकडे येऊन बसायची आणि सांगायची. कारण घरात ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा म्हणायचा, पुरे झालं.

आणि तिला सगळीकडे तो सापडत होता. म्हणजे सापडत नव्हता, पण बघितलेला होता. खाणीवरचा मुकादम फोटो बघून म्हणाला, असाच एक होता, मागच्या साली गेला. गोदीवरचा हमाल म्हणाला, असाच एक चेडो बोटीवर चढताना मी बघितला. म्हापशाच्या बाजारात एक बाई म्हणाली, असाच एकजण पाव घेऊन जातो. कोणी नाही म्हणतच नव्हतं. कसं म्हणणार? त्या फोटोत तोंड नव्हतं. तरणाताठा, बारकुडा, पाय वाळूत रोवलेला. असा मुलगा कुठल्या गोदीवर नसतो? प्रत्येकाच्या नजरेत कोणी ना कोणी पुसट पोरगा असतोच, आणि समोर बसलेल्या आईला नाही म्हणायचं जिवावर येतं. माझ्या त्या फसलेल्या फोटोत ज्याला जो हवा तो बसत होता.

हे मी तिला सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. सांगितलंही. एकदा बरं बोलून, एकदा चिडून. ती शांतपणे ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "पुढच्या बुधवारी मडगावाक जातंय. थंय एक आसा म्हणतत."

याच काळात मला नवा कॅमेरा मिळाला. जलद रोल बाजारात आले. काय सांगू, पोरं हवेत उडी मारायची आणि हवेतच राहायची माझ्या फोटोत. खो-खोतल्या मुलींच्या वेण्या उभ्याच्या उभ्या. ड्रिलमास्तरांनी ते फोटो बघितले. नंतर चहा पिताना म्हणाले, "लवकर यायला हवा होता हा." मी मान हलवली. दोघांनाही कोणाबद्दल बोलतोय ते माहीत होतं. मला त्या कॅमेऱ्याचा आनंद कधी नीट झालाच नाही.

त्या मुलाला एक धाकटा भाऊ होता. तो वाढला, आणि थोरला गेला त्या वयाचा झाला, तेव्हा आई त्याला घेऊन स्टुडिओत आली. मी बघितलं आणि दचकलो. तेव्हा मला थोरल्याचं तोंड आठवलं. पेन्सिल घेऊन बसलो होतो तेव्हा जे येत नव्हतं ते समोर उभं होतं, मिसरूड फुटलेलं, लाजलेलं.

"ह्येचो काढा," ती म्हणाली. "दोघांचा तोंड एकच. आता हो दाखयन."

मला वाटलं, सुटलो. माझ्याच्यानं काहीतरी होतंय, इतक्या वर्षांनी. मी त्याला पडद्याजवळ नेलं नाही, बाहेर उन्हात नेलं, वाळूत उभा केला. नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. असे स्वच्छ फोटो मी आयुष्यात फार कमी काढले असतील. पापण्या दिसत होत्या. मी तिला मोठी प्रत करून दिली आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिली.

ती प्रत घेऊन ती फिरली. पेडण्यापासून पुन्हा सगळीकडे. तोच मुकादम, तोच हमाल, तीच पाव घेऊन जाणाऱ्याला बघणारी बाई. पुढच्या थंडीत ती परत आली तेव्हा मी खेळाचे फोटो वाळत घालत होतो. ती नेहमीसारखी जिन्यासमोर बसली. तिनं पुठ्ठ्याचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"ह्येका बघून सगळे नाय म्हणतत," ती म्हणाली. "हो आमी बघूक नाय. हो थंय न्हय. सगळीकडे तसाच."

ते लोक खरं बोलत होते. पहिल्यांदाच खरं बोलत होते. माझ्या चांगल्या फोटोनं त्यांना खरं बोलायला लावलं होतं.

तिनं चोळीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आतला जुना फोटो घडीवर फाटला होता, पायाचं बोट झिजून पांढरं झालं होतं. "जुनोच बरो होतो," ती म्हणाली. "तो बघून कोणीच नाय म्हणूक नाय. तसलोच एक काढून द्या."

मी तिला बसायला सांगितलं आणि काळोखाच्या खोलीत गेलो. निगेटिव्ह शोधायला वेळ लागला नाही. कागद औषधाच्या पाण्यात सोडला. आधी पाय उमटला, नेहमी तोच आधी उमटायचा, मग वाळू, मग मध्यरेषा. वर तो पांढरा ओघळ. मी कागद नेहमीपेक्षा जास्त वेळ त्या औषधात ठेवला. का ठेवला ते मला विचारू नका. काही उमटलं नाही.

ओलाच बाहेर आणून तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला, वरच्या बाजूला, तोंडाच्या जागी, खूप वेळ बघितलं. मग घाबरल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, "नव्या मशिनीन साफ तर करूक नाय मा?"

"नाय," मी म्हटलं. "तसोच आसा."